ब्रेकमधली हवा

आमच्या घरी जीप आली ती बैलांच्या मागून. नगरला लष्कराच्या डेपोत मोडीत काढलेल्या गाड्यांचा लिलाव व्हायचा. तिथून वडिलांनी महायुद्धाच्या वेळची एक जीप उचलली आणि शेजारच्या शेतकरी काकांची बैलजोडी दोरखंडानं जुंपून ती आमच्या केडगावापर्यंत ओढत आणली. स्टिअरिंगवर ते स्वतः बसले होते. पांढरा लेंगा, इस्त्रीचा शर्ट, खिशाला पेन. वाटेतली माणसं हसत होती. वडील सरळ समोर बघत होते, जणू मागून अख्खी पलटण येते आहे.

वडील कचेरीत कारकून होते. तरुणपणी ते सैन्यात भरती व्हायला गेले होते आणि छाती कमी भरली म्हणून परत आले होते. हे मला आईनं सांगितलं. सांगताना ती हसली होती. त्या दोघांचं आपसात कधी फार गोड नव्हतंच, पण जीप येईपर्यंत ते चारचौघांसारखं होतं. मी तेव्हा नगरला कॉलेजात जायला लागले होते. घरात आम्ही तिघंच.

गाडीचं काम त्यांना येत नव्हतं. स्टँडमागच्या गॅरेजांमध्ये उभं राहून ते बघायचे, मिस्त्रींना विचारायचे आणि घरी येऊन तसं करायचे. उलट बसलेलं पुन्हा खोलायचे. कचेरीतून आले की शर्ट खुंटीला लावून थेट गाडीखाली. आईची परात ग्रीसच्या नटबोल्टांसाठी गेली, मग पितळी तांब्या गेला, मग माझं जुनं परकर-पोलकं पुसायला गेलं. आई म्हणाली, "निदान विचारून तरी घेत जा."

"घरातलीच वस्तू आहे," ते म्हणाले, "विचारायचं कुणाला?"

मग दुष्काळ आला. पाऊस झालाच नाही, आणि पुढच्या वर्षीही तेच. माणसं खडी फोडायच्या कामावर जायला लागली, रेशनला लाल मिलो, ती परदेशी ज्वारी, मिळायला लागली. आमची विहीर तळाला गेली. टँकर यायचा तेव्हा बायका अंगावर धावून जायच्या. आई शांत बाई, पण तीही त्या वर्षी टँकरपाशी कोपर मारायला शिकली. एक हंडा डोक्यावर आणि एक कमरेवर घेऊन ती यायची आणि ओट्याशी ठेवून भिंतीला टेकून बसायची.

एक दिवस ती अशी बसलेली असताना वडील आत आले, त्यांनी त्यातला एक हंडा उचलला आणि बाहेर नेला. आम्ही दोघी दाराशी गेलो. त्यांनी बॉनेट उघडून हंडा रेडिएटरमध्ये रिकामा केला. रेडिएटर गळका होता. पाणी वरून जात होतं आणि खालून येत होतं.

"अहो, प्यायचं आहे ते," आई म्हणाली.

"माहीत आहे. हळद आण."

गॅरेजात कुणीतरी त्यांना सांगितलं होतं की रेडिएटर गळत असेल तर हळद टाकायची, भोकं बुजतात. आई हलली नाही. मग ते स्वतः आत गेले, हळदीचा डबाच घेऊन आले आणि सगळी आत ओतली. गळती थोडी कमी झाली, थांबली नाही. गाडीखाली पिवळं डबकं साचलं. शेजारची शेळी आली आणि ते चाटायला लागली. वडील बॉनेटमध्ये वाकलेले होते, त्यांचं लक्षही नव्हतं. आई त्या शेळीकडे बघत होती.

"चला," ती म्हणाली, "कुणाची तरी तहान भागली."

त्या दिवशी आम्ही शेजारच्या काकूंकडून तांब्याभर पाणी मागून आणलं. आईनं ते मला दिलं आणि वडिलांच्या ताटाशी रिकामं भांडं ठेवलं. त्यांनी जेवताना ते उचललं, आत बघितलं, परत ठेवलं. जेवून हात धुवायला उठले आणि धुवायलाही पाणी नाही म्हटल्यावर लेंग्याला पुसून बाहेर गेले.

हाताची गोष्ट त्यानंतरची. तो रविवार होता. इंजिन जोडून झालं होतं, पण बॅटरीत दम नव्हता, म्हणून हँडल मारून चालू करायचं होतं. ॲक्सिलरेटर आणि चोक सांभाळायला वडिलांना आत बसायला हवं होतं. पुढे उभं राहून हँडल फिरवायला दुसरं माणूस हवं होतं. मी म्हटलं, मी मारते. ते म्हणाले, "तुझ्यात जोर नाही. तिला बोलाव."

आई पदर खोचून आली. तिनं हँडल धरलं, फिरवलं. इंजिन ढिम्म. पुन्हा फिरवलं. वडील आतून ओरडत होते, "जोरात! झटका दे! पाणी शेंदायला जोर येतो आणि इथं काय झालं?" शेजारचे काका आपल्या बांधावर उभे राहून बघत होते. आईनं ओठ आवळले आणि सगळं अंग टाकून झटका दिला. इंजिन धाड धाड वाजलं आणि त्याच वेळी हँडल उलटं फिरलं. काहीतरी मोडल्याचा आवाज मला त्या धडधडीतही ऐकू आला. आई गाडीपुढे बसली होती. उजवं मनगट डाव्या हातात धरून ती त्याच्याकडे बघत होती. इंजिन दोन-चार वेळा खोकलं आणि बंद पडलं.

"चालू झाली!" वडील ओरडले. "ऐकलंत का? चालू झाली होती!"

ते उडी मारून उतरले, ते तिच्याकडे नाही, बॉनेटकडे. मी "बाबा!" म्हणून किंचाळले तेव्हा त्यांनी खाली बघितलं.

"अंगठा वरून धरला होतास?" त्यांनी तिला विचारलं. "अंगठा बोटांच्याच बाजूला ठेवायचा असतो. नाहीतर उलटं फिरलं की हात जातो."

"हे आधी सांगायचं," आई म्हणाली. तिचा आवाज अगदी साधा होता.

"एवढं काय सांगायचं? कळतंच ते."

तोवर काका कुंपण ओलांडून आले होते. "भाऊसाहेब, वैनींचा हात बगा आदी. पार वाकडा झालाय."

"तुम्ही नेता का दवाखान्यात?" वडील म्हणाले. "आत्ता टायमिंग जुळत आलंय. हे असंच सोडलं तर पुन्हा सापडायचं नाही."

काका त्यांच्याकडे बघत राहिले. मग बैलगाडी जुंपायला गेले. आम्ही बैलगाडीतून नगरच्या सरकारी दवाखान्यात गेलो. दुष्काळानं बैलांच्या बरगड्या दिसत होत्या, ते हळूहळू चालत होते आणि प्रत्येक धक्क्याला आई डोळे मिटून घेत होती. तिथं डॉक्टरांनी विचारलं, कशानं झालं. आई म्हणाली, "घरात पाय घसरला." काकांनी मान दुसरीकडे वळवली.

परत आलो तेव्हा वडील गाडीत बसलेले होते. "कार्ब्युरेटरमध्ये कचरा होता," त्यांनी मला सांगितलं.

प्लास्टर ढिलं झालं की पुन्हा दाखवायला या, नाहीतर हाड वाकडं जुळेल, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. ते ढिलं झालं. मी आईला म्हटलं, चल, मी येते बरोबर. आई म्हणाली, "राहू दे."

"अगं, वाकडा राहील."

"राहू दे वाकडा."

तेव्हा मला वाटलं, तिला पुन्हा दुखण्याची भीती वाटते आहे. तसं नव्हतं. तिला तो हात नीट करायचाच नव्हता. प्लास्टर निघालं, मनगट एका बाजूला झुकून राहिलं, आणि त्यानंतर वडिलांना वाढायची ती त्याच हातानं. डावा हात मोकळा असायचा, तरी त्याच हातानं. आमटीची पळी वाकडी यायची, आमटी ताटाबाहेर, कधी त्यांच्या मांडीवर सांडायची. "अगं, हिला वाढू दे," ते म्हणायचे. "नको," ती म्हणायची, "मला जमतं." भाकरी मात्र तिला थापता येईना. ती मी करायला लागले. मिलोची भाकरी, मुळातच तुटणारी, त्यात माझा हात नवखा. वडील तुकडा हातात घेऊन म्हणायचे, "ही भाकरी आहे का?" आई आनंदानं बघायची. खरंच आनंदानं. तिच्या चेहऱ्यावरचं ते सुख मी तोवर कधी पाहिलं नव्हतं.

पुढे पाऊस झाला, रेडिएटरची भोकं डाग देऊन बुजवून झाली, नवी बॅटरी आली आणि एका संध्याकाळी इंजिन चालू झालं ते चालूच राहिलं. सगळी आळी गोळा झाली. वडिलांचे डोळे भरून आले होते. ते आईला म्हणाले, "बस ना, देवळापर्यंत जाऊन येऊ."

"ब्रेक लागतात का?" आईनं विचारलं.

ब्रेक लागत नव्हते. ब्रेकच्या नळ्यांमध्ये हवा होती. ती काढायची तर एकानं आत बसून पेडल दाबून धरायचं आणि दुसऱ्यानं चाकाशी आडवं पडून बोल्ट ढिला करून हवा सोडायची. एकट्या माणसाचं ते काम नाही.

"जरा येतेस?" वडील म्हणाले. "फक्त पाय ठेवायचा आहे."

"माझा हात मोडलाय," आई म्हणाली.

"हाताचं काम नाही. पायाचं आहे."

"ते मी ऐकलं," आई म्हणाली आणि सगळ्यांसमोर आत निघून गेली.

मग ते माझ्याकडे वळले. आतून आईचा आवाज आला, "तिनं त्या गाडीत पाय ठेवला तर पुन्हा या घरात ठेवायचा नाही." मी जागची हलले नाही. वडिलांनी काकांकडे बघितलं. काका म्हणाले, "मला गुरांचं बघायचं हाय, भाऊसाहेब." दुसऱ्या दिवशी दुसऱ्यांना विचारलं, त्यांनाही काम होतं. गाडीला कुणी हात लावायचा नाही, असं आईनं आळीतल्या एकूण एक घरी सांगून ठेवलं होतं आणि बैलगाडीतून जाताना तिचा हात सगळ्यांनीच पाहिला होता. वडिलांनी पेडलवर काठी अडकवून बघितली, विटा ठेवून बघितल्या. हवा काही निघेना. रोज संध्याकाळी ते इंजिन चालू करून जागच्या जागी बसून राहायचे. पोरं कुंपणाशी यायची आणि विचारायची, "कुठपर्यंत आलात?" आई ते ऐकायला मुद्दाम ओसरीवर येऊन बसायची.

दुसऱ्या वर्षी माझं लग्न झालं आणि मी शेवगावला गेले. पहिल्यांदा माहेरी आले तेव्हा आई बाजारात गेली होती. वडील गाडीपाशी बसले होते. खूप वाळले होते. मला बघून उठले आणि "आलीस?" म्हणायच्या आधी म्हणाले, "आता तू परक्या घरची. तुला ती काही म्हणू शकत नाही. जरा पेडल दाबतेस?"

मला त्यांची दया आली. मी चप्पल काढून आत बसले. ते चाकाशी आडवे झाले. बोल्टला रबरी नळी, नळीचं टोक बाटलीतल्या ब्रेक ऑइलमध्ये.

"दाब," ते खालून म्हणाले. "धर. आता सोड. पुन्हा दाब."

आम्ही तीन चाकं केली. पेडल माझ्या पायाखाली कडक होत चाललेलं मला कळत होतं. शेवटच्या चाकाशी ते गेले, मी दाबून धरलं, त्यांनी बोल्ट ढिला केला. मला त्यांचे फक्त पाय दिसत होते. त्यांचं तोंड दिसत नव्हतं म्हणूनच असेल, मी विचारलं, "बाबा, आईच्या हाताचं तुम्हाला कधी वाईट वाटलं का?"

खालून उत्तर आलं, "दाबून धर. हवा निघतेय."

मी पाय उचलला. पेडल सटकन वर आलं. नळीतली सगळी हवा पुन्हा आत गेली असणार, कारण खालून ते ओरडले, मला कधी दिली नव्हती अशी शिवी देऊन ओरडले. मी चप्पल घातली आणि घरात जाऊन बसले.

आई आली तेव्हा मी तिला सगळं सांगितलं. गाडीत बसले होते तेही. ती रागावली नाही. तिनं फक्त विचारलं, "असंच म्हणाले? हवा निघतेय?" मी हो म्हटलं. ती पिशवीतली भाजी निवडायला बसली.

त्यानंतर महिनाभरात, वडील कचेरीत असताना, तिनं घोडेगावकडच्या एका शेतकऱ्याला बोलावलं. त्याला विहिरीवर बसवायला इंजिन हवं होतं. तो मिस्त्री आणि माणसं घेऊन आला. त्यांनी जीपचं इंजिन खोलून काढलं, बैलगाडीत घातलं आणि बदल्यात घोडेगावच्या बाजारात न खपलेली एक म्हातारी म्हैस ठेवून गेले. आईनं ती म्हैस जीपच्या बंपरला बांधली.

मी तिथं नव्हते, काकांनी सांगितलं. वडील संध्याकाळी आले. म्हैस बघितली. बॉनेट उघडलं, आत वाकून बघितलं, बंद केलं. आई ओसरीवर होती. ती म्हणाली, "म्हैस आहे. ब्रेकबिक काही लागत नाहीत." काका म्हणाले, "ताई, मला वाटलं आज मारत्याती. पर न्हाई. भाऊसाहेब निस्ते पायरीवर बसले, अंदार पडेस्तवर."

त्यांनी तिच्यावर हात उगारला नाही, तिला जाब विचारला नाही. दुसऱ्या दिवसापासून ते पुन्हा गाडीखाली जायला लागले. इंजिन नसलेल्या गाडीचे ते ब्रेक दुरुस्त करत होते. स्प्रिंगांचे पाटे बदलले, नव्या नळ्या टाकल्या, दरवर्षी हिरवा रंग दिला. म्हैस शेजारी रवंथ करायची आणि कधी शेपटीनं ओला रंग पुसून टाकायची.

म्हातारी असूनही ती म्हैस दूध बऱ्यापैकी द्यायची. वडिलांनी त्या दुधाला तोंड लावलं नाही. ते कोरा चहा पिऊ लागले आणि तो स्वतःच करून घेऊ लागले. आई मात्र रोज सकाळी दुधाचा, वेलदोडा घातलेला चहा करून त्यांच्यापुढे ठेवायची. "घ्या," म्हणायची. त्यावर साय धरायची. ते आपला कोरा चहा संपवून उठायचे आणि आई तो कप नेऊन म्हशीच्या आंबोणात ओतायची.