सुगंधाने सांभाळलेला लवू

नोव्हेंबर लागला तरी कांजूरमार्गात थंडीचा पत्ता नव्हता. वारं कचऱ्याच्या डंपिंगकडून फिरलेलं, म्हणून सुगंधाने सकाळीच खिडकी लावून घेतली आणि त्या कोंडलेल्या खोलीत ती घावणे काढत बसली. समोरच्या टॉवरातल्या दोन-तीन घरांना ती नाश्ता करून द्यायची. बिडाच्या तव्यावर नारळाच्या शेंडीने तेल फिरवायचं, पीठ ओतायचं, झाकण टाकायचं. हात चालू होते, जीव मुलुंडला. आज लेकीच्या कॉलेजात जायचं होतं.

अक्षताने यंदा 'बालसाहित्याची ओळख' हा विषय घेतला होता. तिच्या बापाने, काशीरामने, थट्टा केली होती की पोरांना झोपवायचेही आता मार्क मिळायला लागले. शेवटच्या तासाला प्रत्येकाने घरात ऐकलेली एक गोष्ट पालकांसमोर सांगायची होती. अक्षताने आईची लवूची गोष्ट घेतली.

लवू माणसांशी बोलत नसे. पण कोंबडे, बैल, खारोटी सगळ्यांना त्याचं कळायचं, आणि गावावर संकट आलं की तेच त्याच्या सांगण्यावरून धावून यायचे. गोष्ट सांगायची रीतही सुगंधाची. देवळात गाऱ्हाणं घालतात तशी ती एकेक वाक्य लांबवायची आणि ऐकणाऱ्या पोरीने मान डोलवत म्हणायचं, 'व्हय म्हाराजा'. तसं म्हटलं नाही तर लवू पुढे जाईना.

तो लवू खरा होता. सुगंधाचा पाठचा भाऊ. जन्मापासून मुका, आणि थोडा मंदही. सुगंधाचं लग्न ठरलं तेव्हा तिच्या आईने मुलाकडच्यांना एकच मुलगा आहे म्हणून सांगितलं, थोरला. रक्तातच काहीतरी आहे असं म्हणून स्थळ मोडेल ही भीती. लग्नात लवूला मामाच्या वाडीत नेऊन ठेवलं. पुढच्याच पावसाळ्यात तो तापाने गेला. सासरी सुगंधाने सुतकाचं नावही काढलं नाही. मोरीत नळ सोडून रडून घेतलं, इतकंच. मग मुलगी झाली आणि तिने लवूला गोष्टीत आणून बसवलं. अक्षता मोठी झाल्यावर एकदा तिला खरं काय ते सांगितलं, आणि तिलाच फक्त.

म्हणून गोष्ट द्यायच्या आधी तिने लेकीला बजावलं होतं, "गोष्ट सांग. पण तो कोण होतो, ता कोणाक सांगा नको."

अक्षताने गळ्याला हात लावून शपथ घेतली होती.

काशीरामला ड्युटी होती. त्याच्या जागी त्याची थोरली बहीण सुलक्षणा आली, जरीच्या साडीत, भाचीचं कौतुक बघायला. अक्षता उभी राहिली आणि झकास बोलली. पहिल्या दोन वाक्यांतच तिने वर्गाला होकार द्यायला शिकवलं. गुजराती, साउथचे, सगळे 'व्हय म्हाराजा' करायला लागले. सुलक्षणाचा आवाज सगळ्यांत खणखणीत. सुगंधाला वाटलं, आपला मुका भाऊ आज भर वर्गात बोलतोय.

गोष्ट संपली. अक्षता मात्र बसली नाही.

"हा लवू म्हणजे माझा सख्खा मामा," ती म्हणाली. "त्याला बोलता येत नव्हतं. माझ्या आईच्या लग्नात त्याला लपवून ठेवलं होतं."

पोरांनी सवयीने होकार दिला. सुलक्षणाचा 'व्हय' निघाला, 'म्हाराजा' तोंडातच राहिला.

अस्मिता मॅडम, विषय शिकवणाऱ्या, पुढे येऊन बरंच काही बोलल्या. वेगळी मुलं गोष्टीत यायला हवीत, अशा आयांनीच ती जपली, वगैरे. त्यांनी सुगंधाला उभं राहायला सांगितलं. टाळ्या वाजल्या. सुगंधा पदर धरून उभी राहिली, तिला बसायचं सुचेना.

परतताना रिक्षात सुलक्षणा भांडुपपर्यंत जरीचा पदर नीट करत राहिली. मग म्हणाली, "म्हणजे तुझ्या आवशीन आमका फसवल्यान." पलीकडे बसलेल्या अक्षताचा पाय हलायचा थांबला.

संध्याकाळी काशीराम घरी आला, तोवर त्याला बहिणीचा फोन पोचला होता. तो चिडला नाही, तेच वाईट झालं. चहाचा कप खाली ठेवत एवढंच म्हणाला, "माका तरी सांगूक व्हया होता." आणि खाली कट्ट्यावर निघून गेला.

अक्षता ओट्याशी येऊन उभी राहिली. मॅडम म्हणाल्या होत्या, गोष्ट कुठून आली ते सांगितलं तर ती जास्त मोलाची होते, असं काहीबाही सांगत राहिली. आईचं नाव व्हावं एवढंच तिच्या मनात होतं. रडवेली होऊन म्हणाली, "आई, मी खोटं काय बोलले गं? होता ना मामा?"

"होतो," सुगंधा म्हणाली. "पण तो माझो होतो. मी तुका सांभाळूक दिललंय, वाटूक नाय."

अक्षताने तिच्या दंडाला हात लावला. सुगंधाने तो झटकला नाही, धरलाही नाही. लहानपणीसारखं पोरीने जवळ यावं आणि आपण लवूचं नाव घ्यावं, असं आता या घरात व्हायचं नाही, हे दोघींनाही कळत होतं.

"सरक जरा," ती म्हणाली.

वाटीभर कुळथाचं पीठ घेऊन तिने पाण्यात कालवलं, गुठळ्या बोटांनी मोडल्या आणि रात्रीच्या पिठीला फोडणी द्यायला लसूण ठेचायला घेतली.