अवतरणांतल्या बायका

विद्यापीठाच्या फाटकासमोर टायपिंगच्या गाळ्यात बसणाऱ्या बाईला मुलं 'तळटीपताई' म्हणायची. इतिहास असो की समाजशास्त्र, प्रबंध तिच्या हाती सोपवला की मुलं निर्धास्त. समास किती सोडायचा, स्वल्पविराम अवतरणचिन्हाच्या आत की बाहेर, सगळी नियमपुस्तिका तिला तोंडपाठ.

एकदा एक मुलगी हाताने लिहिलेला प्रबंध घेऊन आली. विषय होता लाँड्रीत राबणाऱ्या बायकांचा. मुलाखती शब्दन्‌शब्द उतरवलेल्या.

टाइप करताना ताईची बोटं एका वाक्यावर अडखळली. 'हात कसले बाई, चिंध्या झाल्या नुसत्या! मढं बसवलं त्या मुकादमाचं!' तिची आई अगदी अशीच बोलायची. आईनेही उभा जन्म लाँड्रीत काढलेला. ती गाळ्यावर डोकावली की ताई गिऱ्हाइकांदेखत तिला डोळ्यांनी दटावायची. आताही तिचे कान तापले. तिने वाक्य 'नीट' केलं: 'कामामुळे माझ्या हातांना इजा झाली.' मग पुढचं केलं, त्याच्या पुढचंही. मुलीने घाईघाईत फक्त तळटीपा तपासल्या आणि प्रबंध विद्यापीठात देऊन टाकला.

तोंडी परीक्षेनंतर ती सुजलेल्या डोळ्यांनी गाळ्यात आली.

"सर म्हणाले, 'कच्च्या खर्ड्यात या बायका बोलत होत्या, आता अर्ज लिहितायत. तुला त्यांची लाज वाटली का?' टाइप करताना काही चूक झाली का हो, ताई?"

हो म्हटलं असतं तर सुटली असती. ताईची नजर कळफलकावरून हलेना.

"चूक नाही गं. मी मुद्दाम बदललं. लाज मला वाटली."

"त्या बायका माझ्याशी विश्वासाने बोलल्या होत्या हो," मुलगी एवढंच म्हणाली. तिने हाताने लिहिलेले मूळ कागद परत मागितले, तेव्हा ताईने अक्षरशः हात जोडले. "मला एकदा दुरुस्त करू दे."

मुलीने ठेवलेले कागद घेऊन ताई घरी गेली. एकेक वाक्य मोठ्याने वाचून टाइप करू लागली. भाजी निवडणारी आई खुदकन हसली.

"अगं, ही तर माझ्यासारखीच बोलते!"

"हो," ताई म्हणाली. "मी ते नीट करून टाकलं होतं, आई."

"का? नीट नव्हतं?"

आईने क्षणभर तिच्याकडे पाहिलं आणि ती पुन्हा देठ खुडायला लागली. हसू मात्र मावळलं होतं.

दुरुस्त केलेला प्रबंध दिल्यावर मुलीला पदवी मिळाली. पुढच्या कामाला ती दुसऱ्या गाळ्यात गेली. जाता-येता मान हलवायची, थांबायची नाही. आईला ताईने एकदा म्हटलं, "गाळ्यावर ये ना, बस जरा."

"नको बाई," आई म्हणाली, "तुझी गिऱ्हाइकं असतात."