विहिरीवरची जाड तार

काकाने बाबांच्या तोंडावर लोखंडी पाना मारला तेव्हा मी वांग्यांवर फवारणी करत होतो. पाठीवरच्या पंपाच्या घरघरीत मला काही ऐकू आलं नाही. दिसलं एवढंच की विहिरीजवळच्या टिनाच्या खोलीतून बाबा पाठमोरे बाहेर आले, दोन पावलं मागे सरकले आणि मातीत बसले. ओंजळ तोंडाशी धरलेली. मी पोचलो तोवर त्या ओंजळीत रक्त होतं आणि दोन दात होते. काका खोलीच्या दारात उभा होता. पाना अजून हातात होता, पण तो आपल्या हातात कसा आला हे त्यालाच कळत नसावं अशी त्याची नजर होती.

भांडण फ्यूजच्या तारेवरून झालं होतं. बाहेरच्या माणसाला हे सांगितलं की तो आधी हसतो.

आमचं शेत हिंगणघाटहून येताना अल्लीपूरच्या अलीकडे आहे. वाटणीत बाबांना आणि काकाला अर्धं अर्धं आलं, पण विहीर एकच असल्यामुळे ती दोघांची राहिली. विहिरीत दोन मोटारी, आणि टिनाच्या खोलीत एकाच फळीवर दोघांचे स्टार्टर आणि प्रत्येकाचे पांढऱ्या चिनी मातीचे तीन-तीन फ्यूज. आम्ही वांगी, टमाटर, मिरची लावायचो. काका पालक आणि सांबार, म्हणजे कोथिंबीर, जास्त करायचा. पालेभाजीला रोज पाणी लागतं, आणि काकाच्याच मोटारीचा फ्यूज सारखा उडायचा.

लग्नाआधी बाबांनी चार-पाच वर्षं एका ठेकेदाराकडे विजेच्या लाइनी ओढायचं काम केलं होतं. त्यामुळे फ्यूज बांधायचं काम त्यांचं. ते फ्यूज ओढून काढायचे, जळलेल्या तारेचे तुकडे फुंकून उडवायचे, नवी तार ताणून दोन स्क्रूंमध्ये कसायचे. काकाला हे असलं सावकाश काम सहन व्हायचं नाही. एक दिवस त्याने जुन्या केबलमधले तांब्याचे चार-पाच धागे पिळले आणि तिन्ही फ्यूजमध्ये तेच बसवले. मग फ्यूज उडायचा बंद झाला.

दोन दिवसांनी बाबांच्या ते लक्षात आलं.

"हे कोणं लावलं?"

"मी लावलं," काका म्हणाला. "आठ घंटे लाईन राह्यते, भाऊ. त्यातले दोन घंटे तुमच्या बांधाबांधीत जाते."

"फ्यूज उडते म्हणजे तुया मोटारीत खराबी हाये. मोटार वर काढ. गाळात बसली असंन."

"मोटार चांगली हाये. तुमची तार खराब हाये."

बाबांनी त्याला समजावलं होतं, हे मी स्वतः ऐकलं आहे. ते म्हणाले, "हे तार बारीक काऊन ठेवते, मालूम हाये का? मोटार जाम झाली का ज्यादा करंट ओढते. ज्यादा करंट धावला का वायर गरम होते. मंग सगळ्यात बारीक जे हाये थेच पह्यले जळते आन् लाईन तुटते. हे दोन बोटं लांबीची तार जळली तं मोटार वाचली, केबल वाचला, माणूस वाचला. तू जाड तार टाकली. आता हे जळनार नाई. दुसरं काई तरी जळंन."

काकाने ऐकून घेतलं आणि तो निघून गेला. बाबांनी जाड तार काढून बारीक बांधली. संध्याकाळी पुन्हा जाड होती. असं तीन-चारदा झालं. पाचव्यांदा बाबा फ्यूज काढत असताना काका आत आला, त्याने त्यांना दाराकडे लोटलं, आणि स्टार्टरवर ठेवलेला पाना त्याने उचलला.

बाबांनी पोलिसात तक्रार केली नाही. तोंडाची सूज उतरल्यावर त्यांनी आमच्या स्टार्टरची लाइन वेगळी करून घेतली, स्वतःचे फ्यूज वेगळ्या फळीवर लावले. काकाच्या फळीला पुन्हा हात लावला नाही. आई म्हणाली, "एकदा सांगून तं पाहा." बाबा म्हणाले, "त्याचं थो पाहंन." दात गेल्यामुळे शब्दांमधून हवा सुटायची. तो आवाज ऐकला की माझ्या अंगात काहीतरी पेटायचं.

मी तेव्हा बावीस वर्षांचा होतो. शिक्षण संपलेलं, नोकरी नाही. काका बांधावरून जाताना दिसला की मी त्याच्या तोंडाकडे पाहायचो. खालचे दात आधी पाडायचे की वरचे, याचा मी अगदी शांतपणे विचार करायचो. कुऱ्हाडीने लाकडं फोडताना प्रत्येक घाव कुठे बसतोय ते मी ठरवलेलं असायचं. ही गोष्ट मी घरात कोणाला सांगितली नाही.

पुढचं झालं ते त्यानंतर चार-पाच महिन्यांनी, मार्चच्या उन्हात. त्या आठवड्यात दिवसाची लाइन होती, म्हणजे शेतीची वीज दिवसा यायची. सकाळी दहाला लाइन आली आणि काकाची मोटार आपोआप सुरू झाली. त्याने ऑटो बसवलं होतं. लाइन आली की मोटार स्वतःच चालू व्हायची, कोणी विहिरीवर जायची गरज नव्हती. आणि त्या दिवशी कोणी गेलंही नाही. काका पलीकडच्या टोकाला पालक कापत होता. बाबा आमच्या मिरचीत होते. मी विहिरीपासून पन्नास-साठ पावलांवर टमाटरांना आधार द्यायला बांबू रोवत होतो.

काकू सांबाराच्या जुड्या धुवायला विहिरीजवळच्या हौदावर आली. पाइपातून पाणी पडत नव्हतं, पण मोटारीची घरघर तर येत होती. मोटार जाम होऊन बसली होती आणि तासाभरापासून नुसतीच करंट ओढत होती, हे आम्हाला नंतर कळलं. बारीक तार असती तर मिनिटभरात उडाली असती. जाड तारेने सगळं सहन केलं. शेवटी केबलचं वरचं रबर वितळलं, आणि आतली उघडी तार खोलीच्या टिनाला टेकली.

जळक्या रबराचा वास काकूला आला असणार. मोटार बंद करायला ती खोलीकडे गेली. पायात चप्पल नव्हती, हौदाच्या चिखलाने पाय ओले होते. तिने दाराची कडी धरली.

ती ओरडली नाही. करंट लागलेल्या माणसाला ओरडताच येत नाही. मी मान वर केली ती जुड्यांची टोपली पडल्याचा आवाज आला म्हणून. काकू दाराशी ताठ उभी होती, मान मागे ओढली गेलेली, आणि तिचं सगळं अंग बारीक थरथरत होतं. घशातून म्हशीसारखा घोगरा आवाज येत होता. हात कडीवर आवळलेला.

मी धावलो. चिकटलेल्या माणसाला हात लावायचा नाही, सुक्या लाकडानं मारून सोडवायचं, हे बाबांनी मला लहानपणीच शिकवलं होतं. हातात बांबू होता, सुका आणि मनगटाएवढा जाड. पहिला फटका मी तिच्या कोपराखाली मारला. हात सुटला नाही. दुसरा मी दोन्ही हातांनी, सगळ्या ताकदीनिशी मारला. हाड मोडल्याचा आवाज मला स्पष्ट ऐकू आला. बोटं उघडली, आणि काकू मागे चिखलात पडली, दारापासून चांगली दोन हात दूर.

ती सुटली होती, आणि ते मला दिसत होतं. तरी मी बांबू पुन्हा उचलला आणि तिसरा फटका तिच्या पाठीवर मारला.

हे लिहिताना मी काही आडोसा घेणार नाही. घाबरलो होतो, भान नव्हतं, असं म्हणता येईल, पण ते खरं नाही. त्या एका क्षणात मला बाबांची ओंजळ दिसली, आणि समोर काकाच्या घरातलं माणूस पडलेलं होतं. बिचारीने माझं काहीही बिघडवलं नव्हतं. लहानपणी याच काकूच्या हातची भाकर मी आईच्या आधी मागायचो.

काकाने पलीकडून पाहिलं असेल ते एवढंच: बायको चिखलात पडलेली, आणि पुतण्या तिला बांबूने मारतोय. तो पालकातून सरळ धावत आला. वाटेत वाफ्यात पडलेलं फावडं त्याने उचललं होतं.

"माया बायकोले मारतं तू?"

मी वळलो तोवर फावड्याचं पातं डाव्या कानावर बसलं. डोक्यात एक लांब शिटी सुरू झाली. मी गुडघ्यांवर आलो. दुसरा घाव खांद्यावर बसला. तिसऱ्यासाठी त्याने फावडं वर नेलं, आणि तेवढ्यात बाबा येऊन त्याला धडकले.

बाबांनी माझा पडलेला बांबू उचलला. मी त्यांना आयुष्यात कोणावर हात उचलताना पाहिलं नव्हतं. आता ते काकाला मारत होते. दंडावर, बरगड्यांवर, मांड्यांवर. काका फावडं आडवं धरून मागे सरकत होता. बांबू चिरला, त्याच्या कामट्या झाल्या, तरी बाबा थांबले नाहीत. काकाच्या सदऱ्यावर रक्ताच्या रेघा उमटत होत्या. खोलीच्या आत तडतड आवाज येत होता, आणि दाराच्या फटीतून काळा धूर निघत होता.

काका मागे मागे जात त्या टिनाच्या दाराशी आला. त्याची पाठ आणि टिन यांत वीतभर अंतर उरलं होतं.

काकू पडल्या जागेवरून काहीतरी म्हणाली. शब्द झाला नाही, पण बाबांनी तिच्याकडे पाहिलं. काळी पडलेली मूठ पाहिली, दाराकडे पाहिलं. त्यांनी हातातला बांबू टाकला, काकाच्या सदऱ्याची कॉलर दोन्ही मुठींत पकडली आणि त्याला स्वतःच्या अंगावर ओढलं. दोघे भाऊ एकमेकांवर पडले. काकाला वाटलं, आता हा आपला गळा दाबतो. तो बाबांच्या हाताला कडाडून चावला.

"टिनात करंट हाये," बाबा त्याच्या कानाशी म्हणाले. "उठू नको तिकडं."

मग ते उठले आणि बांधावरच्या डीपीकडे, विजेच्या मुख्य पेटीकडे, धावले. त्यांनी हँडल खाली ओढलं तेव्हा कुठे घरघर थांबली.

काकूने हळूहळू सांगितलं, "मले चिकटलं होतं. त्यानं सोडवलं मले." काका चिखलात बसून तिच्याकडे, माझ्याकडे, आणि मग फावड्याकडे पाहत राहिला. कानातून वाहणाऱ्या रक्ताने माझा सदरा कमरेपर्यंत भिजला होता.

बाजूच्या शेतकऱ्याची भाजीची गाडी होती. तिच्यात टमाटरांच्या रिकाम्या क्रेटांमध्ये आम्ही चौघं बसून हिंगणघाटला गेलो. गाडी गचक्याने उसळली की काकू विव्हळायची, आणि काका तिचा मोडलेला हात आपल्या मांडीवर धरून ठेवायचा. त्याच्या स्वतःच्या तीन बरगड्या मोडल्या होत्या हे दवाखान्यात कळलं.

डॉक्टरांनी आम्हाला रांगेत पाहून विचारलं, "कोणी कोणाला मारलं?"

बाबा म्हणाले, "याले मी मारलं." काका म्हणाला, "पोराले मी मारलं." मी तोंड उघडायच्या आत काकू म्हणाली, "मले करंटनं मारलं. पोरानं वाचवलं."

तिच्या हातात सळई टाकावी लागली. भाजलेला तळवा भरून आला, पण दोन बोटं आत वळलेलीच राहिली. माझा डावा कान गेला. बाबांच्या मनगटावर काकाच्या दातांची खूण कित्येक दिवस होती.

मी काकूकडे गेलो ते जवळपास दीड महिन्याने. ती ओसरीवर एका हाताने मेथी निवडत होती. काका घरात नव्हता. मी जरा वेळ मेथी निवडू लागलो, मग म्हणालो, "काकू, थो तिसरा फटका..."

"हौ," ती म्हणाली. "तिसरा मले चांगला समजला. तोवर मी शुद्धीत आली होती."

मी हातातली मेथी खाली ठेवली.

"थो तुया काकाच्या वाटचा होता ना?" तिने विचारलं.

"हौ."

"मले वाटलंच." तिने मेथीची काडी मोडली. "त्याले सांगजो नको. थो पुन्हा फावडं घेऊन निंगंन." ती हसायला लागली, आणि पाठ दुखली म्हणून थांबली. मी तिचे पाय धरले. तिने पाय मागे घेतले आणि म्हणाली, "मेथी पूर्ण निवडून जाजो."

काकाने कधी माफी मागितली नाही, बाबांची नाही आणि माझीही नाही. पण पाऊस लागायच्या आत त्याने मोटार वर काढली. पंख्याला जुन्या पोत्याची चिंधी अडकून गच्च गुंडाळली गेली होती आणि आत गाळ दाटला होता. नवी केबल आली, खोलीला टिनाऐवजी लाकडी दार आलं. फळीवर नवे फ्यूज बसवून काका आमच्या बांधावर येऊन उभा राहिला. बाबा मिरचीतलं तण निंदत होते.

"भाऊ," तो म्हणाला, "कोनती तार टाकू?"

बाबांनी विळा खाली ठेवला. हात झटकले, आणि त्याच्या मागे विहिरीकडे निघाले. मी बांधावरून पाहत होतो. बाबा आत तार ताणत होते. काका दाराबाहेर स्क्रू हातात धरून उभा होता, आणि मागितला की एकेक देत होता.