कुलूप नसलेली बंद घरं

"हाथ उपर करो मॅडम."

वॉचमन म्हणाला आणि मी हात वर केले. दोन्ही. एका हातात फाइल होती, ती पण वर गेली. त्याने डासांच्या औषधाचा पंप घेतला आणि मला खांद्यापासून पायापर्यंत फवारलं. मग पाठ फिरवायला लावली. पाठीवर फवारलं. केसांवर नको म्हटलं, तर म्हणतो, "ऑर्डर है, बस्ती से आनेवाले सबको मारने का."

मुलुंडमधला टॉवर. गेटला लागूनच आत संगमरवरी कारंजं, पाणी साचलेलं, पण उडत नव्हतं. त्याच्या बाजूला सोसायटीचा सेक्रेटरी चहाचा कप घेऊन उभा. माझ्या गळ्यात ओळखपत्र होतं, त्यावर डॉक्टर लिहिलेलं होतं, आणि त्याने ते वाचलं. वाचून वर म्हणाला, "राग मानू नका हं. तुम्ही सकाळपासून तिकडे फिरताय ना, डास अंगावर बसून येतात."

अंगावर बसून येतात म्हणे! मी साथीच्या रोगांचं प्रशिक्षण घेत होते. साथ कुठून सुटली, कोणाला आधी झाली, का झाली, हे दारोदार फिरून शोधायचं, ते माझं काम. डेंग्यूचा डास कोणाच्या खांद्यावर बसून गेट ओलांडत नाही, हे मला माहीत होतं. त्याला गटार चालत नाही, स्वच्छ साचलेलं पाणी लागतं, हे माहीत होतं. तो दिवसाढवळ्या चावतो, हेही माहीत होतं. सगळं माहीत होतं आणि माझे हात वर होते. मला त्या फवाऱ्यापेक्षा त्या हातांची चीड आली. आजही येते.

हातांना सवय होती, दुसरं काय. घाटकोपरच्या टेकडीवर आमचं घर. आईबाप जालन्याकडून आलेले, बौद्ध. बाप बसवर कंडक्टर. शाळेत बाई दर आठवड्याला स्वच्छता तपासायच्या. बाकीच्या पोरांची नखं बाकावर बसल्याबसल्या बघायच्या. आम्हा टेकडीवरच्या पोरांना मात्र फळ्यासमोर रांगेत उभं करायच्या. हात पुढे. हात वर. मान खाली. मग आमचे केस फूटपट्टीने उचलून उवा शोधायच्या. फूटपट्टीने, बोटाने नाही. आई मला रोज सकाळी खसाखसा घासून काढायची, तेल लावून वेणी घट्ट घालायची, तरी मी त्या रांगेत.

पहिल्या बाकावर एक गोरी मुलगी बसायची. तिच्या वेणीवर उवा माझ्या डोळ्यांदेखत चालायच्या. तिचं डोकं कधी कोणी तपासलंच नाही. मग वहीत उवा कोणाच्या नावावर लागणार? आमच्याच. आईला शाळेत बोलावून सांगितलं, "तुमच्या वस्तीतून वर्गात पसरतात." आई मान खाली घालून ऐकत राहिली. मी तिच्या पदराला धरून उभी होते.

तर टॉवर. फवारून झाल्यावरही सेक्रेटरीने आत सोडलं नाहीच. "आमचं प्रायव्हेट पेस्ट कंट्रोल आहे. तुम्ही तुमची वस्ती बघा." तुमची वस्ती! मी तिथली नव्हतेच. टॉवरच्या मागे उतारावरची वस्ती मला सरांनी दिली होती. आमचे शिकवणारे सर. पहिल्या दिवशीच माझं आडनाव वाचून त्यांचा चेहरा उजळला होता. "अगं, तुला फिल्ड छान जमेल. तुझ्या लोकांशी तुला बोलता येतं." बाकीचे एसीत बसून आलेख काढायचे. मी उतार चढायची. दीड वर्ष हेच.

माझ्यासोबत परबकाका. वॉर्डाचे जुने कर्मचारी, मालवणकडचे, वडील गिरणीत होते. पिंपात बॅटरी मारून अळी शोधण्यात त्यांचा हात कोणी धरणार नाही. गेटबाहेर येऊन त्यांनी फॉर्म काढला आणि टॉवरच्या एकेका फ्लॅटसमोर लिहीत सुटले. बंद. बंद. बंद.

मी म्हटलं, "काका, बंद कुठे? माणसं आहेत की आत. आपल्याला नाही म्हणाले."

"मॅडम, 'नकार' लिवल्यात तर कारण लिवूक लागता, नोटीस काढूक लागता. मगे तो सेक्रेटरी वर फोन लावता आणि आमची वाट लागता. 'बंद' लिवलां की विषय संपलो. सगळे असांच लिवतत."

सगळे असंच लिहितात. वर्षानुवर्षं. दाराला कुलूप असो की दारात सेक्रेटरी असो, शब्द एकच. मी अंगाला येणाऱ्या औषधाच्या वासाने बेजार झाले होते. मला घरी जाऊन डोकं धुवायचं होतं. मी खाली सही केली.

पुढचं गणित शेंबडं पोरही करेल. वस्तीत दारं उघडी. "या ताई, बसा, चहा घ्या" म्हणत बायकांनी पिंपांची झाकणं स्वतः काढून दाखवली. काही पिंपांत अळ्या होत्या, नाही असं नाही. टॉवर बंद, म्हणून टॉवरमध्ये अळ्या शून्य. झाकली मूठ सव्वा लाखाची! सरांनी अहवालाचा मसुदा केला: साथीचा उगम वस्तीतली पिंपं. मला म्हणाले, "सुंदर काम." मी खूश झाले. हो, झाले खूश. दीड वर्षात पहिल्यांदा सर माझ्या कामाला सुंदर म्हणाले होते, मी त्या शब्दाला भुकेली होते. खोटं कशाला बोलू?

आठवड्याभरात वॉर्डाची माणसं वस्तीत घुसली. पिंपं उताराला लावून ओतली. जी रिकामी करू दिली नाहीत त्यांना खाली भोक पाडलं. त्या वस्तीत पाणी फक्त पहाटे येतं, तेही धारेसारखं बारीक. ते पाणी पिंपात नाही भरायचं तर काय ओंजळीत धरून बसायचं? माझ्या आईचं निळं पिंप मला आठवतं. त्याला रोज फडकं बांधलेलं असायचं, आणि आम्हा भावंडांपेक्षा जास्त जपलेलं असायचं. पिंप भरलं म्हणजे दिवस आपला.

मी पोचले तेव्हा शोभाताई भोक पडलेल्या पिंपाशेजारी उभी होती. टॉवरमध्ये धुणीभांडी करणारी बाई. माझ्या रुग्णांच्या यादीत तिचं नाव पहिलं होतं, वस्तीत सगळ्यात आधी ताप तिला आला. अजून अशक्त होती. तिच्या हातात वॉर्डाच्या आदेशाची प्रत.

"ताई, ही खालची सही तुमचीच ना?"

माझीच होती. तपासणीचा फॉर्म आदेशाला जोडलेला. बंद, बंद, बंद, आणि खाली मी.

"मला दुपारी चावतात हो. तिथं, वरच्या मजल्यावर, झाडांना पाणी घालताना. इथं घरी मी असते कधी? सकाळी जाते ती दिवेलागणीला येते. तुम्ही मला पत्ता विचारलात. दिवसा कुठं असतेस ते विचारलंच नाहीत."

कानफटात बसल्यासारखी मी उभी राहिले. फॉर्मवर तो रकाना नव्हताच. राहतो कुठे, एवढंच. मी तिथल्या तिथे यादी काढली आणि आजारी माणसांच्या घरी पुन्हा गेले. एकच प्रश्न. दिवसा कुठे असता? टॉवरमध्ये. टॉवरमध्ये. टॉवरचा ड्रायव्हर. टॉवरचा माळी. टॉवरमधलं बाळ सांभाळते. बहुतेक सगळे तिथलेच. आणि सेक्रेटरी आम्हाला फवारत होता! चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या ह्याच.

दुसऱ्या दिवशी शोभाताईने कामावरून येताना पदराआड बाटली आणली. शोभेच्या झाडांखालच्या ताटल्यांमधलं पाणी. अळ्या वळवळत होत्या. कोणी बघितलं असतं तर काम गेलं असतं तिचं, तरी आणली. मी ती बाटली घेऊन धावतपळत सरांकडे गेले. सरांनी ती उजेडात धरली. अळ्या ओळखल्या. टेबलावर ठेवली आणि हात पुसले.

"अगं, बाटलीवर पत्ता असतो का? तुमच्याच फॉर्मवर घरं बंद आहेत. बंद घरातून नमुना आला कसा? चोरी म्हणायची का?"

तेव्हा मला तो शब्द कळला. बंद म्हणजे कोणी अडवलं नाही, कोणी नाही म्हटलं नाही, कोणाचाच दोष नाही. बिचारं दारच बंद होतं! एका शब्दात टॉवर धुऊन निघाला आणि वस्तीची पिंपं फुटली. आणि तो शब्द माझ्या सहीने गेला होता. शाळेतली ती फूटपट्टी आता माझ्या हातात होती.

मी परबकाकांना घेऊन परत टॉवरवर गेले. वॉचमन पंप घेऊन उठला. "हाथ उपर."

"नाही करणार."

तो बघतच राहिला. पंप तसाच धरलेला. माझे हात खाली होते, फाइलवर घट्ट. "पंप खाली ठेव भाऊ. सेक्रेटरीला बोलव."

सेक्रेटरी आला. ह्या वेळी चहा नव्हता. मी सांगितलं, झाडांच्या ताटल्या बघायच्यात, कारंजं बघायचंय. तो म्हणाला, "तुम्हाला एकदा सांगितलेलं कळत नाही का? तुमच्यासारख्यांना आत घेतलं तर रेसिडेंट्स मला खातील."

"तुमच्यासारख्या म्हणजे कशा?"

त्याने गेटबाहेर बोट दाखवलं.

"ठीक आहे. नकार लिहिते."

त्याच्यासमोर फॉर्म कारंज्याच्या कठड्यावर ठेवला आणि लिहिलं. पहिल्या मजल्यापासून शेवटच्यापर्यंत. नकार. नकार. नकार. वेळ. नकार देणाऱ्याचं नाव. सही करता का विचारलं. नाही म्हणाला. तेही लिहिलं. जुना फॉर्म चुकीचा आहे, चूक माझी आहे, असंही लिहिलं. परबकाका शेजारी उभे होते, घाम पुसत. निवृत्तीला थोडे महिने राहिलेले. मला वाटलं, हे आता हळूच सटकणार. ते म्हणाले, "साक्षीदार म्हणान माझां नाव घाला. इतकी वर्षां बंद बंद लिवन हात दुखले माझे."

सिनेमात असतं तर पुढे टॉवर पकडला गेला असता. नाही गेला. नोटीस निघाली, ती रांगत रांगत पोचली, आणि तपासणीला गेलो तेव्हा कारंजं ठणठणीत कोरडं. ताटल्या गायब. शोभाताईचं काम गेलं, कारण कोणीच सांगितलं नाही. फुटलेलं पिंप कोणी भरून दिलं नाही.

सरांनी मला बोलावलं. दार लावून घेतलं. आवाज मऊ केला.

"एक शब्द आहे. नकारच्या जागी बंद. एवढंच बदल आणि सर्टिफिकेट घेऊन जा. घरच्यांना किती आनंद होईल, विचार कर."

घरच्यांचा विचार मी केला. शाळेच्या ऑफिसात मान खाली घालून उभी असलेली आई मला दिसली. एवढाच एक शब्द तेव्हा कोणीतरी खरा लिहिला असता, पहिल्या बाकावरचं डोकं तपासलं नाही, असं, तर तिची मान खाली गेली नसती.

"नाही बदलणार, सर."

माझं प्रशिक्षण 'अपूर्ण' म्हणून वाढवलं. सर्टिफिकेट आजही त्यांच्या कपाटात आहे. असू दे. मी आता अंधेरीपासून बोरिवलीपर्यंत कंत्राटावर हेच काम करते. नव्या पोरी माझ्यासोबत फिरतात. एखाद्या मोठ्या गेटवरून परत फिरून त्या पेन काढतात आणि 'बंद' लिहायला लागतात. मी त्यांचं पेन धरते.

"कुलूप कुठंय? दाखव."

कुलूप नसतं. माणूस असतो, उभा असतो, नाही म्हणत असतो. मग त्याचं नाव विचारायचं आणि ते स्पष्ट अक्षरात लिहायचं. आणि गेटवर कोणी हात वर करायला सांगितले, तर करायचे नाहीत. हातात पेन आहे आपल्या.