साहेबांना दिलेली सूट

रक्त तपासायच्या त्या लॅबमध्ये नव्वद कम्प्युटर होते आणि ते सांभाळायला एकटी बाई. सगळे तिला ‘नाहीबाई’ म्हणत. कारण कुणी नको ती वेबसाइट उघडायला गेलं, की पडद्यावर ‘ही साइट बंद आहे’ अशी पाटी येई आणि शिव्या हिला पडत.

पाटी ती लावत नसे. साइटचं नाव टाइप केलं, की कम्प्युटरला आधी त्या नावाचा पत्ता कुणाला तरी विचारावा लागतो. इथे तो प्रश्न क्लाउडमधल्या एका पहारेकरी सेवेकडे जाई. नाव बदनाम असेल, तर पत्ताच मिळत नसे. नुसतं संशयास्पद असेल, तर तिथली ये-जा पहाऱ्यातून वळवून, येणारी फाइल तपासूनच आत सोडत. हे तिने सतरा वेळा समजावलं होतं. पालथ्या घड्यावर पाणी!

त्यात डायरेक्टर म्हणजे दीडशहाणे. पासवर्ड कीबोर्डच्या पोटाला चिकटवून ठेवणारे हे गृहस्थ एकदा म्हणाले, “मॅडम, तुमच्या त्या पहाऱ्याने इंटरनेट रांगतं. आमचे जावई म्हणतात, वरच्या माणसांना असलं काही नसतं.”

“जावई काय करतात, सर?”

“फर्निचरचं दुकान आहे त्यांचं.”

“मग प्रश्नच मिटला,” ती म्हणाली. “तेवढं लेखी द्या.”

धोके लिहिलेल्या कागदावर त्यांनी फोनवर बोलता बोलता सही ठोकली. त्यांचा कम्प्युटर पहाऱ्यातून सुटला.

तीन आठवड्यांनी, भर सकाळी, सगळ्यांना एक मेल आला: ‘तुमचं पार्सल अडकलं आहे.’ कुरियर कंपनीच्या नावात एकच अक्षर इकडचं तिकडे, आणि ते नाव आदल्याच दिवशी नोंदवलेलं. रिसेप्शनिस्टने तीनदा क्लिक केलं, तीनदा पाटी पाहिली, नाहीबाईच्या नावाने बोटं मोडली आणि चहाला गेली.

साहेबांना कोण अडवणार? त्यांनीही क्लिक केलं, व्हायरस आत शिरला आणि त्यांच्या फायली एकामागून एक कुलूपबंद झाल्या. तो रोग रिपोर्ट विभागातल्या दोन कम्प्युटरवरही पोचला. पण तिथे कुलूप घालायची किल्ली त्याला बाहेरून, आपल्या मालकाकडून, आणायची होती. त्याने मालकाचा पत्ता विचारला. पहारेकऱ्याने दिला नाही. तो तिथेच मुकाट बसला. तोवर बाईने तिन्ही कम्प्युटरच्या नेटवर्क केबल उपटल्या होत्या.

एकाही पेशंटचा रिपोर्ट गेला नाही. साहेबांचे मात्र बारा वर्षांचे फोटो गेले. तिला क्षणभर वाईट वाटलं, पण केबिनमधून त्यांचा आवाज आला, “आयटीचा हलगर्जीपणा, दुसरं काय!” आणि ते वाईट वाटणं तिथेच विरलं.

दुपारच्या मीटिंगमध्ये तिने तो कागद टेबलावर ठेवला.

“सही माझीच आहे,” साहेब म्हणाले, “पण वाचून कुठे केली होती?”

कोपऱ्यातल्या म्हाताऱ्या डॉक्टरबाईंनी, ज्यांनी ही लॅब उभी केली होती, चष्मा काढला. “पेशंटच्या रिपोर्टांवरही अशाच सह्या करता का हो?”

साहेबांनी कागद पालथा करून ठेवला.

त्याच संध्याकाळी सूट रद्द झाली. साहेब आता नाहीबाईशी बोलत नाहीत. काही हवं असेल तर शिपायाकरवी चिठ्ठी पाठवतात. पगारवाढ मिळाली नाही, पण हा अबोला तिला त्याहून गोड लागतो.