मुकुटाविना उतरलेल्या गाई

डोंगरातल्या आमच्या ओबरलान गावात बुर्गलला ओळखत नाही असं कोणी नाही, आणि तिच्याशी निवांत बसून बोललंय असंही फारसं कोणी नाही. तिचं खरं नाव नोटबुर्गा, पण ते फक्त पाद्रीबाबा घेतात. जूनमध्ये गावच्या गाई घेऊन ती वरच्या कुरणावर जाते, ती सप्टेंबरअखेर खाली येते. मधले महिने तिच्या सोबतीला गाई, एक म्हातारा कुत्रा आणि चीज मुरायला ठेवलेलं दगडी तळघर. लग्न केलं नाही. मी एकदा विचारलं तर म्हणाली, "केलं असतं गं, पण मागणी घालायला एवढं चढून कोण येणार? निघाले होते एकदोन, अर्ध्या वाटेत दमले."

मी तिची शेजारीण. माझा गोठा आणि तिचं स्वयंपाकघर यांच्यात एकच भिंत, त्यामुळे हिवाळ्यात तिची चूल माझ्या गाईंनाही ऊब देते. दर सप्टेंबरात मी वर जाते आणि आम्ही दोघी मिळून गाईंचे मुकुट बांधतो. देवदाराच्या डहाळ्या, कागदी फुलं, रेशमी फिती आणि मधोमध छोटासा आरसा. पण उन्हाळाभर वर एकही जनावर दगावलं नसेल तरच हे मुकुट. दगावलं, तर गाई बोडक्या डोक्यानं उतरतात. बुर्गलच्या हाताखालच्या गाई कधी बोडक्या उतरल्याचं गावात कोणाला आठवत नव्हतं, आणि ही गोष्ट ती बोलून दाखवत नसली तरी मुकुट बांधताना तिच्या तोंडावर दिसायची.

त्या वर्षी ऑगस्टात, गावजत्रेच्या आधी, चौकातल्या खानावळीची झेन्झी ट्रॅक्टरवर बसून वर गेली. चढला ट्रॅक्टर, पण धापा तीच टाकत होती.

"बुर्गल, यंदा जत्रेला तू खाली यायचंस."

"आणि गाई कोण बघणार? तुझा नवरा?"

"त्याला डोक्यावरची टोपी सापडत नाही, गाई काय सापडणार! अगं, दुपारपुरतं ये. सकाळचं दूध काढून निघ, संध्याकाळच्या दुधाला परत. पाहुणे विचारतात गं. हॅम्बुर्गहून, हॉलंडहून येतात बिचारे आमचे रीतिरिवाज बघायला, आणि मी त्यांना दर वर्षी त्याच दोन पोरी घेरदार झगे घालून दाखवते. त्यातली एक बँकेत काम करते. त्यांना खरी गवळण बघायचीय."

"म्हणजे मी माकड?"

"माकड मिळालं असतं तर एवढ्या वर कशाला आले असते मी?"

बुर्गल हसली, आणि तिथंच तिचा होकार झाला.

जत्रेच्या दिवशी आभाळ धुऊन काढल्यासारखं होतं. बुर्गलनं गाई झोपडीजवळच्या कुंपणाच्या कुरणात सोडल्या, कुत्र्याला तिथंच बसवलं आणि ती खाली आली. तिच्या आईचा निळा झगा मी कमरेत सैल करून ठेवला होता. तो घालून आरशासमोर उभी राहिली तेव्हा तिनं आधी स्वतःकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि म्हणाली, "ही बाई कोण?"

चौकात बँड वाजत होता. कातडी चड्ड्या घातलेले आमचे पुरुष मांड्यांवर, टाचांवर फटाफट हात मारत नाचत होते. झेन्झीच्या पोरी तळलेल्या पुऱ्यांवर लाल बोरांचा मुरंबा घालून वाटत होत्या. बुर्गलनं पाहुण्यांपुढे लोणी काढून दाखवलं. एका हॉलंडच्या बाईनं बोटानंच ते चाटलं आणि टाळ्या वाजवल्या. मग बाकीच्यांनीही वाजवल्या. आपल्या कामाला पडलेल्या टाळ्या बुर्गलनं आयुष्यात पहिल्यांदाच ऐकल्या असतील. ती कानांपर्यंत लाल झाली.

मग कासियानकाका तिच्यापुढे येऊन उभे राहिले. कासियानकाका म्हणजे गावाच्या वरच्या टोकाचे. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, घरात ते आणि त्यांच्या चार राखाडी गाई. उन्हाळ्यात त्याही बुर्गलबरोबर वर असायच्या. त्यातल्या थोरलीचं नाव सरदारीण, कारण ती कधी घाईत चालली नाही आणि कधी कोणाला वाट दिली नाही. ती वासरू असताना काकीनं तिला बाटलीनं दूध पाजून वाढवलं होतं.

"नाचतेस का, पोरी?" काका म्हणाले.

"मी पोरगी राहिले नाही काका."

"माझ्या वयाच्या माणसाला सगळ्याच पोरी."

नाचले दोघं. काकीनंतर काका नाचताना कोणी पाहिले नव्हते. सुरुवातीला पाय अडखळले, मग जमलं, आणि मग त्यांनी तिला अशी गरकन फिरवली की निळ्या झग्याची छत्री झाली. माझ्या शेजारी झेन्झी डोळे पुसत होती. गाणं संपलं. काका धापा टाकत म्हणाले, "आणखी एक?"

"आणखी एक," बुर्गल म्हणाली.

वादळ आलं ते आमच्याकडे येतं तसंच, कड्यामागून एकदम. चौकातली बाकं उलटली, पाहुणे किंचाळत खानावळीत घुसले. बुर्गल तशीच झगा वर खोचून डोंगराच्या वाटेला लागली होती. ती अर्ध्या वाटेवर असताना गारा सुरू झाल्या. वर पोचली तेव्हा कुत्रा घळीच्या कडेला उभा राहून भुंकत होता. कुंपणाची तार तुटून लोंबत होती. विजेच्या आवाजानं बुजलेल्या गाई रानात पांगल्या होत्या. एक घळीच्या तळाशी पडली होती, मान मोडून. ती सरदारीण होती.

दुसऱ्या दिवशी सगळं गाव बुर्गलची समजूत घालत होतं. विजेपुढे कोणाचं काय चालतं, असं पाद्रीबाबा म्हणाले. झेन्झी तर तिच्या गळ्यात पडून रडली, "मीच गं तुला ओढून आणलं, माझंच पाप!" आणि डुकराची एक अख्खी खारवलेली मांडी वर पाठवून दिली. कासियानकाका काठी टेकत स्वतः वर गेले, खिशात नाशपातीच्या दारूची बाटली घेऊन. "रडू नकोस," ते तिला म्हणाले. "म्हातारी झालीच होती ती. माझ्यासारखी." बुर्गलनं सगळ्यांचं ऐकलं आणि मान हलवली. मी मात्र पाहिलं, ती मांडी तिनं कापलीसुद्धा नाही. खुंटीला टांगून ठेवली आणि जाता-येता तिच्याकडे बघायची नाही.

सप्टेंबरात मी नेहमीसारखी वर गेले, पण फिती आणि आरसे घरीच ठेवून. झेन्झी आधीच येऊन बसली होती.

"तीन बसगाड्या येणार आहेत," ती म्हणाली. "लोक फक्त मुकुट बघायला येतात. एक गाय गेली, वाईट झालं, पण गाय काकांची आणि काकांची हरकत नाही. मी विचारलंय त्यांना. म्हणाले, घाला, सरदारणीलाही नटायला आवडायचं."

"मुकुट घालायचे नाहीत," बुर्गल म्हणाली.

"अगं, पाहुण्यांना काय कळणार?"

"झेन्झी, तुला चहा हवा असेल तर घे. मुकुट घालायचे नाहीत."

तिचा आवाज ऐकून झेन्झीनं चहाही घेतला नाही.

आम्ही गाईंच्या गळ्यातल्या घंटांमध्ये वाळकं गवत कोंबलं, त्या वाजू नयेत म्हणून. सकाळी गाई उतरायला लागल्या. एवढं मोठं खिल्लार, आणि आवाज फक्त खुरांचा. चौकात बसगाड्यांमधले लोक कॅमेरे घेऊन उभे होते, ते आधी गोंधळले. फुलं कुठायत, असं कोणीतरी मोठ्यानं विचारलं. मग आमच्या गावच्या पुरुषांनी एकेक करून टोप्या काढल्या आणि पाहुणेही गप्प झाले. तीच हॉलंडची बाई पुढे आली, बुर्गलचा हात धरून मोडक्यातोडक्या भाषेत म्हणाली, की एवढं सुंदर मी कधी काही पाहिलं नाही. बुर्गलनं हात सोडवून घेतला. कडेला कासियानकाका उभे होते. त्यांनी टोपी काढली आणि तिच्यापुढे, चक्क तिच्यापुढे, मान लववली.

त्याच दुपारी ती त्यांच्या घरी गेली. तिथं काय झालं ते मला पुढे दोघांनीही सांगितलं, आणि दोघांच्या सांगण्यात फरक नव्हता.

काका बटाटे सोलत होते. ती दारातच उभी राहिली.

"काका, मी ढग पाहिला होता."

"कुठला ढग?"

"जत्रेच्या दिवशी. तुम्ही आणखी एक म्हणालात तेव्हा. कड्यावर काळा ढग चढत होता. तुमची पाठ होती तिकडे, माझं तोंड होतं. त्या ढगाचा अर्थ मला कळतो काका, मी इतकी वर्षं वर काढलीत. तेव्हाच निघाले असते तर गाई वरच्या गोठ्यात घालून झाल्या असत्या. मी पाहिला, आणि हो म्हटलं."

काकांनी सुरी खाली ठेवली.

"का?"

"मजा येत होती," बुर्गल म्हणाली. "एवढंच. मला मजा येत होती."

त्यांनी अर्धवट सोललेला बटाटा पाण्यात टाकला. मग म्हणाले, "हे मला कशाला सांगितलंस?"

"तुम्ही माझ्यापुढे टोपी काढलीत."

"काढली तर काढली! मी बरा झोपत होतो, कळलं? वीज पडली, गाय गेली, देवाची मर्जी, असं म्हणून झोपत होतो. आता मी डोळे मिटले की तो नाच दिसणार. आणखी एक कोण म्हणालं? मी म्हणालो. किती वर्षांनी एक दिवस बरा गेला होता माझा, तोसुद्धा नेलास तू."

"काका, तुमची काही चूक..."

"जा आता. बटाटे करपतील," ते म्हणाले. बटाटे अजून चुलीवर चढलेसुद्धा नव्हते.

त्या हिवाळ्यात ती मला हे सांगायला आली तेव्हा आधीपेक्षा जास्त खचली होती. "मला वाटलं, सांगितलं की हलकं वाटेल," म्हणाली. "वाटलंही गं. त्यांच्या अंगणातून बाहेर पडेपर्यंत वाटलं. मग कळलं की मी माझ्या पाठीवरचं काढून त्या म्हाताऱ्याच्या पाठीवर टाकून आले." मी म्हटलं, खरं सांगणं चूक कशी असेल. तिनं माझ्याकडे असं पाहिलं की मी उठून चुलीत लाकूड सारलं. चर्चमध्ये काका पलीकडच्या बाकावर बसायला लागले. गावात लोक तर्क करत राहिले, पण गावापुढे दोघांपैकी कोणी तोंड उघडलं नाही.

पुढच्या जूनमध्ये काकांनी गाई वर पाठवल्या नाहीत. तिघींना खालीच ठेवलं, ओढ्याकाठच्या गवतावर. त्या दिवसभर डोंगराकडे तोंड करून हंबरायच्या. लोक म्हणाले, म्हातारा हट्टाला पेटलाय.

जुलैत एक दिवस मी लोणी आणायला वर गेले होते, तर वाटेनं काठी टेकत काका येताना दिसले. झोपडीपुढच्या बाकावर येऊन बसले, घाम पुसला. बुर्गल दारात ताठ उभी.

"खायला काही देतेस की नुसती बघतेस?"

तिनं अंडी फोडली, पीठ कालवलं, जाड गोड धिरडं करून त्याचे तुकडे मोडले, वर साखर भुरभुरली आणि तवाच त्यांच्यापुढे ठेवला. काकांनी सगळं खाल्लं. मग म्हणाले, "साखर जास्त झाली."

"तुम्ही सगळं संपवलंत."

"टाकायचं नसतं म्हणून." काठी घेऊन उठले. "कुठं पडली ते दाखव."

मी मागे राहिले, पण दिसत होतं. दोघं घळीच्या कडेला जाऊन उभे राहिले. बुर्गलनं हातानं दाखवलं. काका वाकून खाली बघत राहिले, इतका वेळ की तिनं त्यांच्या कोपराला धरलं. त्यांनी ते धरू दिलं. परत आले तेव्हा दोघांचेही डोळे लाल होते आणि दोघंही वाऱ्याला नावं ठेवत होते.

"हे बघ," काका निघताना म्हणाले, "माफबिफ काही केलेलं नाही हं मी. ते सगळं पाद्रीबाबांकडे."

"बरं."

"पण खाली त्या तिघी मला जगू देत नाहीत. दिवसभर शिव्या घालतात. पुढच्या वर्षी दोघींना पाठवीन."

"आणि तिसरी?"

"तिसरी राहू दे. संध्याकाळी कोणाशी बोलू मी?"

शब्दाला जागले ते. दोन गाई आल्या. आता काका दर उन्हाळ्यात एकदा वर येतात, खातात, नावं ठेवतात आणि जातात. गाव म्हणतं, मिटलं एकदाचं. मलाही तसंच वाटत होतं.

गेल्या हिवाळ्यात एका दुपारी ती माझ्याकडे सफरचंदं चिरायला बसली होती. झेन्झीच्या नवऱ्यावरून आमचं हसणं चाललं होतं. वाऱ्याची एक झुळूक आली आणि कुठलीतरी फळी आपटली. बुर्गलचा हात थांबला.

"तुझी कालवड बांधलीय ना?"

"बांधलीय गं. केव्हाची."

"नक्की?"

"मी स्वतः बांधलीय."

"आलेच बघून," ती म्हणाली, शाल ओढून घेतली आणि बर्फात उतरली.