काळं फासलेले कागद

परवा जपानीच्या क्लासात बाईंनी फळ्यावर मार्करने दोन शब्द लिहिले. 'जोहो कोकाइ' म्हणजे सरकारी माहिती लोकांना खुली करणं, आणि 'नोरीबेन' म्हणजे भातावर काळं समुद्री शेवाळ अंथरलेला डबा. मागितलेले सरकारी कागद काळं फासून हातात ठेवले, की तिकडचे लोक त्यांनाही नोरीबेनच म्हणतात. मार्करचा उग्र वास नाकात शिरला आणि मी मनाने थेट वेल्ह्याकडच्या आमच्या गावच्या ग्रामपंचायतीच्या ऑफिसात पोचले. कोरड्या नळाचं काम कुणी केलं, एवढंच आत्याने माहिती अधिकारात विचारलं होतं. कागद मिळाले ते ओळीन् ओळ काळे, आणि टेबलावरच्या उघड्या मार्करला हाच वास. आत्याने एक कागद खिडकीतल्या उन्हासमोर धरला आणि शाईमागचं काही दिसतंय का म्हणून डोळे बारीक केले. ग्रामसेवक भाऊसाहेब खुर्चीत रेलून हसले, "मावशी, झेरॉक्स हाय ती. मागनं काय बी दिसायचं न्हाई." "मग मला दिली कशापायी?" "तुमी मागितली, आमी दिली. हितं सही करा." त्यांनी सरकवलेल्या पोचपावतीवर मात्र एक अक्षरही खोडलेलं नव्हतं: 'मागितलेली संपूर्ण माहिती मिळाली.' आत्याने पेन टेबलावर आपटलं आणि ती ताडताड बाहेर पडली. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली होती, ती अजून उतरलेली नाही. परवा बाईंनी विचारलं, "नोरीबेनला मराठीत काय म्हणाल?" मी म्हणाले, "संपूर्ण माहिती मिळाली."